न दिलेल्या मताची पोच

केरबा नानांना कागद हातात घेताना सगळ्या गावाने पाहिलं होतं. हातातून सोडताना कुणीच नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. एका अंगाला थेरगाव, दुसऱ्या अंगाला वाकड आणि कडेने पवना, एवढ्यावर ज्याला ओळखायचं त्याने ओळखावं. न सांगायचं कारण असं की या हकिकतीत एक गुन्हा आहे. तो नानांनी केला आणि मी, सरकारचं मीठ खाणाऱ्या मास्तराने, पाच वर्षं पोटात ठेवला. पोटात काही ठेवायची मला सवय नाही. त्या पाच वर्षांत माझे काय हाल झाले असतील, ते मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा.

नाना आमच्या शाळेचे शिपाई. तीन खोल्यांची शाळा, दोन मास्तर आणि नाना. उंच माणूस, पण कमरेपासून वरचा भाग कायम पुढे झुकलेला, जणू समोर कुणीतरी हळू आवाजात बोलतंय. पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या तुकडीबरोबर बसऱ्याला गेले होते. तिथून येताना त्यांनी एक खाकी कोट, एक कागद आणि एक थकवा अशा तीन वस्तू आणल्या आणि तिन्ही जन्मभर वापरल्या.

थकवा तर फारच टिकाऊ निघाला. कुठलंही काम सांगा, नाना आधी खाली बसत. म्हणत, "आधी बसून घेतो गुरुजी, दमायचं हायच पुढं." घंटा द्यायच्या आधी ते बसत, म्हणून शाळा रोज पाच मिनिटं उशिरा भरे. सुटायची घंटा मात्र काट्यावर होई, कारण तेव्हा ते आधीपासूनच बसलेले असत.

कागदाची गोष्ट वेगळी. नानांच्या खांद्याला हातभर लांबीचं एक पत्र्याचं नळकांडं लटकलेलं असे. एका टोकाला झाकण, झाकणाला सुतळी. त्यात पलटणीतून सुटल्याचा त्यांचा दाखला होता, मुलाला देवी टोचल्याचा कागद होता, आणि एक शेळी कोंडवाड्यातून सोडवून आणल्याची पावती होती. शेळी मरून पंधरा वर्षं झाली होती. चिंचवडाहून पुण्याला जाण्याचं रेल्वेचं एक तिकीटही होतं. ते तिकीट पुण्याच्या फाटकावर परत द्यायचं असतं, हे नानांना उतरल्यावर कळलं. त्यांनी साफ नकार दिला. तिकीटवाल्याने समजावलं, दटावलं, बाकावर बसवून ठेवलं. बसवून ठेवणं ही नानांना शिक्षा होऊच शकत नव्हती. संध्याकाळपर्यंत ते निवांत बसले आणि शेवटी तिकीटवालाच दमला. त्या दिवसानंतर नाना पुण्याला कायम पायी गेले. जी गाडी दिलेला कागद परत मागते तिचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं.

एकदा शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी हजेरीपट मागितला. नाना घेऊन आले आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. साहेबांनी हात पुढे केला. नानांनी हजेरीपट वीतभर मागे घेतला.

"द्या इकडे," साहेब म्हणाले.

"वाचा की सायेब. मी धरतो."

"अहो, हातात द्या."

"वाचायला हात कशाला लागत्यात?" नानांनी इतक्या मायेने विचारलं की साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग तपासणी झाली ती अशी: साहेब वाचताहेत, आणि पान संपलं की मान हलवताहेत, नाना अंगठ्याला थुंकी लावून पान उलटताहेत. आम्ही दोघे मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे, कारण हसू लपवायला तेवढीच जागा होती. जाताना साहेबांनी शेरा लिहिला: शिपाई दक्ष आहे. शेऱ्याची वहीसुद्धा नानांनीच धरली होती.

हसण्यासारखं होतं खरं. पण या सवयीचं मूळ मला नंतर कळलं, तेही नानांच्या कारभारणीकडून, सगुणाबाईंकडून. नाना बसऱ्याहून आले तेव्हा त्यांचे वडील नुकतेच गेले होते. नदीकाठची एक पट्टी वडिलांच्या नावावर होती आणि तिचा कागद घरात होता. चुलता आला आणि म्हणाला, केरबा, कागद दे, कचेरीत दाखवून आणतो. नानांनी दिला. चुलता तो दाखवून आलाच नाही. पट्टी चुलत्याची झाली. नाना भांडले नाहीत, कोर्टात गेले नाहीत. पिंपरीच्या बाजारातून पत्र्याचं नळकांडं तेवढं करून आणलं.

आता गुन्ह्याकडे येतो.

बावन्न साली पहिली निवडणूक आली. आमची शाळा म्हणजे मतदानाचं केंद्र, आणि बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराला दोन छापील कागद मिळत, एक दिल्लीसाठी आणि एक मुंबईसाठी. पडद्यामागे जाऊन आपल्याला हव्या त्या पेटीत ते टाकून यायचं, बस्स. पडदा नानांनीच गोणपाटाचा शिवला होता. आधी बसून घेऊन.

मत न देण्याची गावातली कारणं देण्याच्या कारणांपेक्षा जास्त होती आणि खरं सांगायचं तर जास्त चांगली होती. वरच्या आळीतले एक आजोबा आले नाहीत, कारण लग्नाला बोलावतात तसं अक्षता घेऊन कुणी घरी बोलवायला आलं नव्हतं. दुसरा एक घरी बसला, कारण त्याचा मेहुणा एका बाजूला होता आणि सावकाराचा मुलगा दुसऱ्या, आणि दोघांनाही तोंड दाखवायचं होतं. देणाऱ्यांत रखमाक्का होत्या. त्या पडद्यामागे गेल्या त्या येईचनात. पाहिलं तर सगळ्या पेट्यांना हळदकुंकू लावणं चाललं होतं. एकीला लावावं आणि दुसरीने रुसावं, हे त्यांना पटत नव्हतं. मत कुठे टाकलं देव जाणे. बहुधा जिथे कुंकू संपलं तिथे.

नाना दुपारी आले. मी त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावली. त्यांनी दोन कागद घेतले, उजेडात धरून पाहिले, मागचा शिक्का पाहिला. सरकारी शिक्का बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर आला तो मी देवळातही पाहिला नव्हता. ते आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि नेहमीसारखे वाकून निघून गेले. मला कसलाही संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या विहिरीवर नाना विटेच्या तुकड्याने बोट घासत होते. बोट लाल झालं होतं, शाई तशीच. मी म्हटलं, "नाना, ही जाणार नाही. उगाच कातडं काढाल."

"जाया पायजे गुरुजी. मी मत दिल्यालं न्हाई. न दिल्याची पोच आपण घेत न्हाई."

मी इकडेतिकडे पाहिलं. "दिलं नाही म्हणजे? कागद कुठे आहेत?"

नानांनी खांद्यावरच्या नळकांड्यावर हात ठेवला.

मतपत्रिका केंद्राबाहेर नेणं हा गुन्हा, आणि शाईवाला म्हणून त्या गुन्ह्याच्या दारात मी बसलेलो. मी नानांना विहिरीमागे नेलं आणि कुजबुजत व्याख्यान दिलं. तुरुंग, दंड, माझी नोकरी, माझी चार पोरं. नाना अर्थातच आधी बसले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिलं की गेलं. ठिवलं की हाय. सरकारनं इतक्या वर्सांत पैल्यांदा आपणहून कागद दिला, त्यो लगेच परत टाकायचा व्हय?"

ते कागद जाळा म्हणून मी विनवलं. कागद जाळायचा हा विचारच त्यांना एवढा लागला की दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी मुकाट राहिलो. विटेने घासूनही शाई महिनाभर नानांच्या बोटावर होती, आणि तेवढे दिवस ते बोटाला चिंधी गुंडाळून वावरले. न केलेल्या कामाची खूण दाखवत फिरायची त्यांना लाज वाटत होती. मत दिल्याची बढाई मारत चिंधी न गुंडाळता हिंडणारे, आणि मत न देता घरी झोपलेले, असे पुष्कळ मी तेव्हा पाहिले. पण मत न दिल्याबद्दल बोट झाकणारा हा एकच.

इथवर मी ही गोष्ट हसत सांगतो. पुढचा भाग सांगताना माझा सूर उतरतो, त्याला इलाज नाही.

पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. आजूबाजूच्या गावांतली तरणी मुलं रोज सकाळी तिकडे चालत जायची आणि संध्याकाळी कुणाला काम मिळालं ते सांगत यायची. नानांचा एकुलता मुलगा श्रीपती त्यात होता. हाताने चलाख, बोलायला बापासारखाच कमी. कुणीतरी त्याला सांगितलं की बाप पलटणीत होता याचा दाखला असेल तर पहारेकऱ्याची जागा मिळण्यासारखी आहे. बापलेक दोघे गेले. नानांनी नळकांडं उघडलं, दाखला काढला आणि कारकुनापुढे दोन्ही हातांनी धरला.

कारकून भला होता. त्याने वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, आठ दिवसांसाठी ठेवून जा, वर दाखवून आणतो.

दाखवून आणतो. नेमके हेच शब्द. चुलत्याचे.

श्रीपतीने मला पुढचं सांगितलं. बापाच्या हातातला कागद पुढे झाला, कारकुनाच्या बोटांना लागलासुद्धा. मग मागे आला. नानांनी त्याची गुंडाळी केली, झाकण लावलं, सुतळी बांधली आणि मागे न बघता चालू लागले. श्रीपती तिथेच उभा राहिला. घरी आला तो वळकटी बांधायलाच. बायकोला घेऊन तो चाकणला गेला आणि बाजारात कांद्याची पोती उचलायला लागला. जाताना बापाशी बोलला नाही. त्यानंतर तीन वर्षं बोलला नाही.

सगुणाबाईंनी नवऱ्याला एकदाच सुनावलं, माझ्यादेखत. "कागदाला झाकण केलंसा. पोराला दार न्हाई ठिवलं."

त्या दिवसापासून नानांचं बसणं बदललं. पूर्वी ते पुढच्या दमणुकीसाठी बसत. आता मागच्या दमणुकीसाठी बसायला लागले. मधूनमधून चाकणहून कुणी आलं की विचारत, बाजार कसा हाय? पोराबद्दल विचारत नसत. बाजाराचं सांगता सांगता समोरचा कधी पोराचं सांगेल, याची वाट बघत असत. दोनदा ते चाकणच्या वाटेवर मोशीपर्यंत चालत जाऊन परत आल्याचं मला ठाऊक आहे. नळकांडं खांद्याला होतं. पुढे पाय उचलले नाहीत.

मी म्हटलं, दाखला श्रीपतीला देऊन टाका, अजून भरती चालू आहे म्हणतात. ते म्हणाले, "द्यायचाच हाय गुरुजी. हात सोडत न्हाई." जणू हात दुसऱ्या कुणाचा होता.

सत्तावन्न साली पुन्हा निवडणूक लागली. या वेळी गावाला उकळी फुटली होती. मराठी राज्य पाहिजे म्हणून भिंती चुन्याने रंगल्या, सभा झाल्या, घरी झोपणारेही जागे झाले. नाना या सगळ्यात कुठेच नव्हते. मतदानाच्या आठवडाभर आधी ते गोणपाटाच्या पडद्याला ठिगळं लावत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "पेटीत टाकल्यालं परत बघाया मिळतं का?"

"नाही."

"आपलं हुतं ते कुनाला कळतं?"

"नाही, नाना. गुप्त असतं."

"पोच?"

"बोटावरची शाई, तीच पोच."

"ती तुमी आधी लावता. द्यायच्या आधी पोच? असली कचेरी मी कुठं पाह्यली न्हाई." त्यांनी दोन टाके घातले. "मंग लोकं टाकत्यात कशी?"

बोलायची संधी मी कधी सोडत नाही. मी लोकशाहीवर बोललो. थेंबे थेंबे तळे साचे यावर बोललो. राज्य आपलं आहे यावर तर पाव तास बोललो. नानांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "त्ये असंल. पण हातातनं सोडत्यात कशी, ते इचारलं मी."

मतदानाच्या दिवशी नाना सकाळपासून शाळेच्या पायरीवर बसून होते. माणसं आत जात होती, मोकळ्या हातांनी बाहेर येत होती, आणि नाना त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहत होते. रखमाक्काही कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. पाच वाजायला आले. पुण्याहून आलेले केंद्राचे साहेब घड्याळ पाहू लागले आणि म्हणाले, चला, आवरायला घ्या. मी म्हटलं, एक राहिलाय.

नाना उठले. आत आले. मी बोट धरलं तर ते गार पडलेलं होतं. शाई लावली. त्यांनी दोन कागद घेतले, या वेळी शिक्का पाहिला नाही, आणि नळकांड्यासकट पडद्यामागे गेले.

आतून सुतळी सुटल्याचा आणि पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. खोलीत तो फक्त मला कळला. साहेबांनी पुन्हा घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, जरा बसला असेल.

नाना बाहेर आले. दोन्ही पंजे उघडे, पुढे धरलेले, लहान मूल हात धुतल्याचं आईला दाखवतं तसे. साहेबांना काही कळलं नाही. ते पेट्यांना सील लावायला लागले.

मी नानांच्या मागोमाग पायरीवर आलो. ते बसले होते, आणि या वेळी खरंच दमले होते. मी हळूच विचारलं, "आधीचे दोन?"

"तेबी टाकले. चारी. त्यांचंबी राह्यलं व्हतं की."

पाच वर्षांपूर्वीचे कागद मोजणीत बाद होणार, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मास्तराने सगळंच शिकवायचं नसतं.

"कुणाला दिलंत ते विचारत नाही," मी म्हटलं. "पण का दिलंत?"

"कोन का निवडून यीना गुरुजी. हातातनं सुटतंय का, ते बघायचं व्हतं." त्यांनी पंजे उलटेसुलटे करून पाहिले. "सुटलं."

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा मीच दिली. नाना पहाटेच भोसरी, मोशी करत चाकणच्या रस्त्याला लागले होते. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा खांदा मोकळा होता. नळकांडं, पलटणीचा दाखला, देवीचा कागद, शेळीची पावती, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यांनी श्रीपतीपुढे ठेवलं होतं. त्याने काय केलं, असं मी विचारलं. ठिवून घेतलं, म्हणाले. आणि? आणि कायबी न्हाई, जेवाया वाढलं.

नोकरीचं म्हणाल तर पहारेकऱ्याच्या जागा केव्हाच भरल्या होत्या. श्रीपती पोतीच उचलत राहिला. चैत्रात गावच्या यात्रेला मात्र तो आला, अर्धं पोतं कांदे घेऊन. बापाशेजारी पायरीवर बसला. दोघे फारसं बोलले नाहीत. पण मी त्या दोघांनाही आधीपासून ओळखत होतो, ते तेवढंच बोलायचे.

श्रावण संपता संपता माझी बदली झाली. निरोप घ्यायला नानांकडे गेलो. अंगणात बसले होते. बदलीचा हुकूम बघू म्हणाले. मी सवयीने कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, शिक्का पाहिला, घडी घातली आणि लगेच परत केला.

"घ्या. तुमचा हाय."

कागद देताना त्यांचा डावा हात मला जवळून दिसला. चार बोटांची नखं काढलेली. पहिल्या बोटाचं तेवढं वाढवलेलं, आणि त्याच्या अगदी टोकाला शाईची काळी कोर. सहा महिने ती नखाबरोबर पुढे सरकत आली होती.

"नाना, हे एवढं का ठेवलंय?"

त्यांनी बोट थोडं लपवल्यासारखं केलं. बावन्न साली विटेने घासत होते तेच बोट. "पोच हाय," म्हणाले. "ह्या डावाला खरी हाय. गळंल तवा गळंल."

मी नमस्कार केला आणि निघालो. ओढ्यापर्यंत पोचवायला येतो म्हणाले, फक्त जरा आधी बसून घेतो. मी ओढ्याशी बराच वेळ थांबलो. मागे वळून पाहिलं तर अंगणात नाना बसलेलेच होते, ते एक बोट इतर बोटांपासून वेगळं धरून, कुठे आपटू नये म्हणून.